करंगळी ‘लांब’ आहे, बरगडी नाही

हाताची करंगळी बघा. तिच्या टोकाला, नखाखाली, एक हाड असतं. लांबी दीड सेंटीमीटरच्या आसपास. आता छातीवर हात फिरवून मधली एखादी बरगडी चाचपा. पाठीच्या मणक्यापासून निघून वळसा घेत पुढे येईपर्यंत ती वीतभर सहज भरते, वर थोडी उरतेही. शरीरशास्त्राच्या पुस्तकात या दोघांपैकी एकच ‘लांब हाड’ आहे, आणि ते करंगळीचं.

पहिल्या वर्षाच्या तोंडी परीक्षेत मला बरगडी दिली होती. मी आत्मविश्वासाने ‘लांब’ म्हणालो. परीक्षक बाई चिडल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, “मग यात दांडा कुठला, टोकं कुठली, आणि मज्जेची नळी कुठली ते दाखव.” मी बरगडी दोन-तीनदा उलटीपालटी केली. दाखवण्यासारखं काही नव्हतं.

गोंधळ शब्दामुळे होतो. हाडांच्या वर्गीकरणात ‘लांब’ म्हणजे मोजपट्टीवर लांब असा अर्थ नसतो. मधे नळीसारखा दांडा, दोन्ही बाजूंना फुगीर टोकं आणि रुंदीपेक्षा लांबी जास्त, अशी घडण असेल तर हाड लांब. मग ते मांडीतलं असो की करंगळीतलं. या हिशेबाने मोजायला बसलं की गंमत होते. दंड आणि कोपरापुढचा हात मिळून दोन्ही बाजूंची ६, मांडी आणि नडगी-पोटरीची ६, खांद्यापाशी आडव्या असलेल्या हासळ्या २, तळहातांत १०, तळपायांत १०, आणि हातापायांच्या बोटांत ५६. झाली ९०. प्रौढ माणसाच्या सांगाड्यात सर्वसाधारणपणे २०६ हाडं धरतात, म्हणजे त्यांतली ९० ‘लांब’, आणि त्या नव्वदांत बहुसंख्य आपल्या बोटांएवढी चिमुकली.

पण नळीच का? भरीव दांडा जास्त मजबूत नसता का झाला?

कागदाचा एक ताव घ्या. तो उभा धरून वर वही ठेवायचा प्रयत्न केलात तर लगेच कोलमडेल. त्याचीच गुंडाळी करून, कडा चिकटवून उभी करा आणि वर वही ठेवा. तोलते. कागद तेवढाच, वजन तेवढंच, फक्त माल मध्यापासून दूर, कडेला नेला. दांड्यावर वाकवणारा जोर आला की एक बाजू ताणली जाते, समोरची दाबली जाते, आणि मधोमधचा भाग जवळजवळ काहीच काम करत नाही. तिथला माल काढून कडेला लावला तर तेवढ्याच वजनात हाड जास्त ताठ होतं. गॅलिलिओने १६३८ साली छापलेल्या आपल्या शेवटच्या ग्रंथात नेमकं हेच मांडलं होतं, आणि उदाहरणं घेतली होती पोकळ हाडांची आणि बोरूची.

नळीच्या पोकळीत मज्जा असते. लहान मुलांत ती लाल, म्हणजे रक्तपेशी तयार करणारी. मोठेपणी दांड्यातल्या मज्जेची जागा बरीचशी चरबी घेते आणि ती पिवळी दिसू लागते. मांडीचं हाड मोडलं की ही चरबी रक्तात शिरून फुप्फुसांपर्यंत पोचण्याचा धोका असतो, म्हणून अशा रुग्णाच्या श्वासावर डॉक्टर बारीक लक्ष ठेवतात. हीच पोकळी उपयोगीही पडते. १९४०च्या सुमारास जर्मन शल्यचिकित्सक गेरहार्ट क्युंचर यांनी मोडलेल्या मांडीच्या हाडात आतूनच धातूचा दांडा सरकवण्याची पद्धत रुळवली. आज ‘पायात रॉड टाकलाय’ असं आपण म्हणतो तो बहुधा याच नळीत असतो. बरगडीत अशी मोकळी नळी नसते.

दांडा घट्ट हाडाचा, पण टोकं तशी नसतात. तिथे पातळ कवचाखाली जाळीदार, स्पंजासारखं हाड असतं. या जाळीच्या काड्या वरवर पाहता कशाही पसरलेल्या वाटतात, पण तशा त्या नाहीत. १८६०च्या दशकात झुरिकमध्ये हेरमान फॉन मायर या शरीरशास्त्रज्ञाने मांडीच्या हाडाचा वरच्या टोकातून घेतलेला उभा काप मांडला होता. तो कार्ल कुलमान या अभियंत्याच्या नजरेस पडला. वजन उचलणाऱ्या वाकड्या क्रेनमध्ये ताण आणि दाब कोणत्या रेषांनी वाहतो, याची चित्रं कुलमान काढत असे. हाडातल्या काड्या जवळपास त्याच रेषांवर बसलेल्या होत्या. पुढे १८९२ साली युलियस वोल्फ याने नियमच मांडला की हाडावर जसा भार येतो तशी त्याची घडण बदलते. टेनिसपटूंच्या रॅकेट धरणाऱ्या दंडाचं हाड दुसऱ्यापेक्षा जाड भरतं, आणि अंतराळात महिनोन्‌महिने तरंगणाऱ्यांचं कमरेचं हाड महिन्याला सुमारे एक टक्क्याने विरळ होत जातं. माझ्या मते हा सगळा विषय नीट समजण्याची किल्ली इथेच आहे. हाड कोणत्या गटातलं हे घोकण्याआधी त्याच्यावर भार कुठून कसा येतो ते विचारायचं. गट आपोआप सुचतो.

मुलांच्या लांब हाडांत दांडा आणि टोक यांच्या मधे कूर्चेची, म्हणजे नाक-कानांत असतो तशा मऊ मालाची, एक चकती असते. उंची वाढते ती तिच्यामुळे. दोन्ही टोकं सारखी वाढत नाहीत, हेही गमतीशीर आहे. मांडीच्या हाडाची सुमारे ७० टक्के वाढ गुडघ्याकडच्या टोकाला होते. म्हणून वाढत्या वयात गुडघ्यापाशी मोडलं, आणि मार नेमका या चकतीला बसला, तर पुढची काही वर्षं पायाच्या लांबीकडे लक्ष ठेवावं लागतं. वाढ संपली की चकतीचं हाड होतं आणि क्ष-किरण चित्रात फार तर एक फिकट रेघ उरते.

लांब हाडांतला आगाऊ सभासद म्हणजे हासळी. दांडा आहे, टोकं आहेत, म्हणून तिला लांब म्हणतात. पण ती उभी नसून आडवी असते, आणि तिच्यात मज्जेची धड पोकळी नसते. बाकीची लांब हाडं आधी कूर्चेच्या साच्यात बनतात, ही बहुतांशी थेट पातळ पडद्यापासून. गर्भात हाड होण्याची सुरुवात सर्वांत आधी तिच्यात होते, साधारण पाचव्या-सहाव्या आठवड्यात, आणि छातीकडचं तिचं टोक पूर्ण जुळायला मात्र पंचविशीच्या आसपासचं वय उजाडतं. नियमाला एवढे अपवाद घेऊनही ती गटात टिकून आहे.

आखूड हाडांचं काम वेगळं. त्यांची लांबी, रुंदी, जाडी साधारण सारखी. मनगटात प्रत्येकी ८ आणि घोट्यापासून तळपायाच्या मध्यापर्यंत प्रत्येकी ७. ना दांडा ना पोकळी. बाहेर घट्ट हाडाचा पातळ थर आणि आत सगळं जाळीदार. एखाद्या सांध्याला थोडं थोडं सगळीकडे वळायचं असेल आणि शिवाय भारही झेलायचा असेल, तर एका मोठ्या बिजागरीपेक्षा एकमेकांवर किंचित सरकणारे पुष्कळ गोटे बरे पडतात. या हाडांची नावंही कुणीतरी समोर ठेवून, न्याहाळून दिलेली आहेत. स्कॅफॉइड म्हणजे नावेसारखं, ल्युनेट म्हणजे चंद्रकोरीसारखं, पिसिफॉर्म म्हणजे वाटाण्यासारखं, आणि पायातली तीन क्युनिफॉर्म म्हणजे पाचरीसारखी.

अंगठा मागे ताणून धरा. मनगटाच्या कडेला, अंगठ्याच्या मुळाशी, स्नायूंच्या दोन ताठ दोऱ्यांमधे एक खळगा पडतो. त्याच्या तळाशी जे टणक लागतं ते स्कॅफॉइड. माणूस पडताना हात टेकतो तेव्हा मनगटातलं सर्वाधिक वेळा मोडणारं हाड हेच. त्याचा रक्तपुरवठा मुख्यतः बोटांच्या बाजूने आत शिरतो आणि उलट्या दिशेने मागे येतो, त्यामुळे मधे मोडलं की मागचा तुकडा उपाशी राहू शकतो. पहिल्या क्ष-किरण चित्रात ही मोड कधी कधी दिसतही नाही. त्या खळग्यात दाबून दुखत असेल तर चित्र स्वच्छ असूनही डॉक्टर हात बांधून ठेवतात आणि काही दिवसांनी पुन्हा चित्र काढतात. याचा राग मानू नये.

पायातलं घोट्याचं हाड, टॅलस, हे आणखी एक विक्षिप्त प्रकरण आहे. सगळ्या शरीराचा भार त्याच्यावरून टाचेकडे आणि पुढे चवड्याकडे वाटला जातो, पण त्याला एकही स्नायू चिकटलेला नाही. वरचं आणि खालचं हाड हलेल तसं ते हलतं.

चपट्या हाडांची गोष्ट दोन कामांची आहे. एक, आतल्या नाजूक अवयवावर ढाल धरणं. दोन, स्नायूंना चिकटायला ऐसपैस जागा देणं. पहिल्याचा नमुना कवटी. तिचा तुकडा कापून कडेने पाहिला तर दोन घट्ट पापुद्रे आणि त्यांच्या मधे जाळीदार थर दिसतो. पुठ्ठ्याच्या खोक्याची कड पाहिलीत तर हीच युक्ती दिसेल: दोन सपाट कागद आणि मधे नागमोडी. वजन कमी, पण वाकवायला गेलं तर दाद देत नाही. दुसऱ्याचा नमुना खांद्यामागचं फावडं, ज्याला फराही म्हणतात. सांगाड्यातला फरा खिडकीपाशी उजेडात धरा. मधल्या भागातून उजेड झिरपताना दिसतो, इतका तो पातळ. पण तोच फरा थोडा फिरवला की पाठीमागे उभा राहिलेला जाड कणा दिसतो, आणि ‘चपटं’ हा शब्द थोडा अपुरा वाटायला लागतो.

बरगड्या आणि छातीच्या मधोमधचं हाड याच गटात. बरगडीचा आडवा काप घेतला तर ती पट्टीसारखी दिसते, आणि आत नळी नाही, जाळी आहे. त्या जाळीत आयुष्यभर लाल मज्जा राहते. मोठ्या माणसाचं रक्त मुख्यतः इथे, मणक्यांत आणि कमरेच्या हाडात तयार होतं. मज्जेची तपासणी करताना सुई नडगीच्या मधोमध न घालता कमरेमागच्या हाडाच्या कडेत का घालतात, याचं उत्तर आकाराच्या वर्गीकरणातच आहे.

आकारावरून हाडं वाटण्याची कल्पना काही नवी नाही. सुश्रुतसंहितेत हाडांचे पाच प्रकार सांगितले आहेत: कपाल, रुचक, तरुण, वलय आणि नलक. कपाल म्हणजे खापरीसारखी, त्यात डोकं, कानशील, खांदा, नितंब. रुचक म्हणजे दात. तरुण म्हणजे नाक-कान वगैरेंतली मऊ, ज्यांना आज आपण कूर्चा म्हणतो. वलय म्हणजे कड्यासारखी वळलेली, कुशी, पाठ आणि छातीतली. आणि उरलेली सगळी नलक, नळीसारखी. दात आणि कूर्चा धरल्यामुळे तिथली संख्याही ३०० होते. पण मला भावतं ते वेगळंच. ‘लांब’ न म्हणता ‘नलक’ म्हटलं की करंगळीचं हाड कुठे जाणार याबद्दल शंका उरत नाही, आणि बरगडीला स्वतंत्र ‘वलय’ दिलं की माझ्यासारख्याची तोंडी परीक्षेत फजिती होत नाही. अर्थात ‘उरलेली सगळी’ म्हटल्यावर मनगटातले गोटेही नलकातच जातात, ते काही पटत नाही.

त्या यादीत गुडघाही कपालात आहे. गुडघ्याची वाटी खापरीसारखी दिसते हे खरंच. आज मात्र तिला वेगळ्या गटात काढतात, आणि त्याचं कारण दिसण्यापेक्षा जागेत जास्त आहे. ती कंडरेच्या आत वाढते. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी. ही दोरी जिथे हाडाच्या कडेवरून वळण घेते, तिथे ती घासते आणि दाबली जाते. अशा काही ठिकाणी दोरीतच एक हाडाची गुळी तयार होते. ग्रीक भाषेतल्या तिळाच्या शब्दावरून या हाडांना सेसमॉइड म्हणतात. बहुतेक खरोखरच बारीक असतात; वाटी हा त्यांतला सर्वांत मोठा तीळ.

वाटी घासणं कमी करते, आणि मांडीच्या स्नायूची दोरी सांध्यापासून पुढे उचलूनही धरते. पान्याचा दांडा लांब असला की नट कमी जोरात फिरतो, तसं. वाटी काढून टाकली तरी माणूस चालू शकतो, पण गुडघा सरळ करण्याची ताकद चांगलीच उतरते. जन्मतः वाटी कूर्चेची असते. हाड व्हायला साधारण तिसऱ्या ते सहाव्या वर्षी सुरुवात होते, म्हणून रांगत्या बाळाच्या गुडघ्याच्या क्ष-किरण चित्रात वाटी दिसत नाही आणि नवखे आईबाप उगाच घाबरतात.

पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी, तळव्याच्या बाजूला, असे दोन तीळ जवळपास प्रत्येकाला असतात. टाच उचलून चवड्यावर उभे राहा. भार येतो तो थेट त्यांच्यावर. तरी २०६च्या मोजणीत वाटी धरतात आणि हे दोघे धरत नाहीत! कारण सेसमॉइड हाडांची संख्या माणसागणिक बदलते आणि कुठेतरी रेघ ओढावीच लागते. गुडघ्यामागे फॅबेला नावाचं एक असतं, तेही काहींनाच. २०१९ साली लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी जुन्या-नव्या नोंदी एकत्र करून पाहिल्या, तर गेल्या शंभर वर्षांत फॅबेला असणाऱ्यांचं प्रमाण सुमारे साडेतीन पट झालेलं दिसलं.

अंगठ्याखालच्या तिळाचा एक त्रास क्ष-किरण चित्र वाचणाऱ्याला होतो. काही लोकांत तो जन्मापासूनच दोन तुकड्यांत असतो. पाय दुखतो म्हणून चित्र काढावं आणि त्यात दोन तुकडे दिसावेत, की मोडलं असं वाटणारच. तेव्हा कडा पाहायच्या. जन्मजात तुकड्यांच्या कडा गुळगुळीत आणि गोलसर असतात. ताज्या मोडीच्या कडा दातेरी, आणि मनातल्या मनात जोडून पाहिल्या तर एकमेकींत बरोबर बसणाऱ्या.

दोन छोटे गट भराभर उरकतो, कारण ते आकारापेक्षा आतल्या मालावरून आणि जागेवरून पडलेले आहेत. कपाळ, गाल, नाकामागचा भाग, कानामागचा भाग इथल्या काही हाडांत हवेच्या पोकळ्या असतात. त्यांना वायुयुक्त हाडं म्हणतात. सर्दीत कपाळ जड होतं आणि खाली वाकलं की ठणकतं, त्या या पोकळ्या. आणि कवटीच्या सांध्यांच्या नागमोडी रेषांत कधी कधी छोटे जादा तुकडे सापडतात, त्यांना वर्मियन हाडं म्हणतात. नाव ऐकून किडा आठवला तरी त्याचा किड्याशी संबंध नाही. सतराव्या शतकातल्या ओले वर्म या डॅनिश वैद्याच्या नावावरून ते आलं. किती सापडतील याचा नेम नाही.

राहिली अनियमित हाडं. खरं सांगायचं तर हा गट म्हणजे जे कुठेच बसत नाही ते टाकायचा कोनाडा. मणके, कमरेचं हाड, खालचा जबडा, कवटीच्या तळाची गुंतागुंतीची हाडं, आणि गळ्यातलं घोड्याच्या नालासारखं हायॉइड, जे कुठल्याच दुसऱ्या हाडाशी सांधलेलं नसतं. पण ‘अनियमित’ या नावावर जाऊ नका. मणका घ्या. पुढचा गोल ठोकळा आखूड हाडासारखा भार झेलतो. त्यामागची कमान चपट्या हाडासारखी मज्जारज्जूवर ढाल धरते. बाजूला आणि मागे निघालेले काटे स्नायूंच्या हातात दिलेले दांडे आहेत. पाठीच्या मधोमध बोट फिरवलं की जे उंचवटे लागतात ती या मागच्या काट्यांची टोकं. म्हणजे नियम नाही असं नव्हे, एकाच हाडात तीन नियम नांदतात. म्हातारपणी हाड विरळ झालं की त्यांतला ठोकळाच आधी दबतो, कारण तो आतून जाळीदार. कमान शाबूत, ठोकळा पुढून चेपलेला, आणि माणूस पोक काढून चालू लागतो.

सर्वांत अवघड कानशिलाचं हाड. कानाच्या वर बोट ठेवाल तिथे ते पातळ पापुद्रा आहे. कानामागे जो उंचवटा लागतो त्यात हवेच्या कोठड्या आहेत. आणि आत, कवटीच्या तळाशी, त्याचा एक सुळका जातो तो शरीरातल्या सर्वांत घट्ट हाडांपैकी एक. इतका घट्ट, की हजारो वर्षं पुरलेल्या सांगाड्यांतून डीएनए काढायचा असेल तर संशोधक आधी हाच भाग शोधतात. त्याच्या पोटात हातोडा, ऐरण आणि रिकीब ही कानाची तीन हाडं बसलेली असतात. रिकीब सगळ्या शरीरात लहान, तीन मिलिमीटरच्या आसपास. एवढं सगळं एका हाडात. काही पुस्तकं त्याला चपट्यांत घालतात, काही अनियमितात, काही वायुयुक्तातही मोजतात.

तोंडी परीक्षेत बरगडीनंतर बाईंनी मला दिलं ते हेच. एकदा ठेच लागलेली, त्यामुळे मी जपून पाहिलं. वरचा पापुद्रा स्वच्छ दिसत होता. “चपटं,” मी म्हणालो. बाईंनी ते माझ्या हातातून घेऊन टेबलावर ठेवलं. ते एका बाजूला कललं आणि सुळक्यावर डुगडुगत राहिलं. आम्ही दोघंही ते थांबेपर्यंत बघत होतो.